चहा अध्यक्षांकडे

माणसाचा खरा इतिहास राजवाड्यांत नाही, गवतात लिहिला गेला आहे. ज्याचं कुरण स्वच्छ त्याचं मन स्वच्छ, आणि ज्याच्या कुरणात तण त्याच्या घरात काहीतरी बिनसलेलं असणारच. आमच्या कुरण मंडळाचे अध्यक्ष प्रत्येक फेरीच्या सकाळी दूधकेंद्राच्या पायरीवर उभे राहून हे म्हणत, आणि शेवटच्या शब्दाला गळा दाटून येऊ देत. मग आम्ही सगळे त्यांच्यामागून रांगेनं तण पसरवायला निघत असू.

अर्थात, आमच्या समजुतीनं आम्ही तण शोधायला निघालेलो असायचो.

आमची कुरणं आपोआप उगवलेली नाहीत. जमीन नांगरून, बी पेरून, पाणी देऊन, गायी आलटून पालटून चारून केलेली ती कुरणं आहेत. लोक मुलांच्या शिक्षणाबद्दल जितके हळवे नसतील तितके गवताबद्दल आहेत. या गवताचा शत्रू म्हणजे चिकटा. दिसायला गरीब, फिकट निळ्या फुलांचं हे तण. फूल गळलं की त्याला वाटाण्याएवढं बोंड येतं आणि बोंडाला बारीक आकडे. जवळून जाईल त्याला ते बोंड धरतं आणि लग्न जमवायला निघालेल्या नातेवाइकासारखं सोडता सोडत नाही. गायी चिकटा खात नाहीत. तो वाढतो तिथे गवत मान टाकतं.

म्हणून वर्षातून दोनदा कुरणफेरी. सगळे सभासद खांद्याला खांदा लावून एकेका कुरणातून चालणार, चिकटा दिसला की ओरडणार, उपटणार, आणि कुरणमालकाकडे दयेनं बघणार. पहिला मान अध्यक्षांच्या कुरणाचा. तिथे काहीही सापडत नसे, म्हणून स्वच्छ कुरणासाठीची मंडळाची पितळी ढाल कायम त्यांच्या भिंतीवर. मग बाकीची कुरणं. मग वाट वाचावी म्हणून कालव्याच्या बांधावरून आडवी चाल. हा बांध कोणाच्याच मालकीचा नसल्यामुळे तिथे चिकटा कमरेएवढा माजलेला असे. पण तो मंडळाच्या हद्दीत येत नसल्यानं आम्ही त्याच्याकडे लक्ष देत नसू. बांध उतरला की शेवटचं कुरण माझ्या आत्याचं. आणि शेवटचं म्हणून चहा तिथे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं, निवृत्त झाल्यावर गायी घेतल्या. विद्यार्थ्यांपेक्षा गायी ऐकून तरी घेतात, असं तिचं म्हणणं. सरकार, मोठी सून, धाकटी सून आणि सभासद अशी त्यांची नावं. सभासद कुठल्याही गायीच्या मागून कुठेही जाते. आतोबा घड्याळं दुरुस्त करतात आणि बोलण्याचं काम त्यांनी घड्याळांवर सोपवलेलं आहे. मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो, सकाळी दुधाचे कॅन केंद्रावर टाकून पुढे कचेरीत जातो, आणि भाचा असल्यामुळे दोन्ही ठिकाणी बिनकामाचा समजला जातो.

तर एका फेरीत आत्याच्या कुरणात इतका चिकटा सापडला की ओरडणारे ओरडून दमले. त्यानंतर नेहमीप्रमाणे सगळे गवतावर पाय पसरून बसले. आत्यानं किटली फिरवली, आतोबांनी बिस्किटं. एका हातात कप धरून माणसं दुसऱ्या हातानं आपापल्या विजारींची, मोज्यांची बोंडं वेचू लागली आणि वेचलेलं बोंड पाठीमागे टाकू लागली. दमलेल्या माणसाला त्यासारखं सुख नाही. जनावरांच्या डॉक्टरांना सर्वांत वेळ लागे, कारण त्यांच्या सासूबाई त्यांच्यासाठी जाड लोकरीचे गुडघ्यापर्यंतचे मोजे विणत आणि ते घातल्याशिवाय डॉक्टरांची घराबाहेर पडण्याची शामत नव्हती. एकटे अध्यक्ष खुर्चीवर. त्यांना गमबूट असत, आणि रबराला चिकटाही धरत नाही.

"आत्याबाई, वाईट वाटून घेऊ नका," अध्यक्ष म्हणाले.

"आधी वाईट काय आहे ते सांगा, मग ठरवते."

"हे कुरण मंडळाला काळजीचा विषय झालंय. इथला चिकटा उद्या सगळीकडे जाईल. म्हणून मी नियम मांडतो आहे, की ज्या कुरणात चिकटा मुठीनं मोजावा लागेल ते मंडळानं नांगरून टाकायचं आणि पुन्हा पेरायचं. मग ते कोणाचंही असो." शेवटचं वाक्य त्यांनी आत्याकडे बघून म्हटलं. "तुम्हाला अर्थात संधी देऊ. एकदोन फेऱ्या बघू."

"आणि नांगरलं तर माझ्या गायी वर्षभर काय खातील? तुमची भाषणं?"

लोक हसले. अध्यक्षही हसले, मोठ्या माणसाला तेवढं जमावं लागतं.

"गायींची चिंता नको. माझ्याकडे चरतील. दूध तेवढं माझ्या कॅनमधून जाईल, ते सोयीचं पडतं."

"आणि मी काय करू?"

"आराम करा की!"

आत्याला कोणी काहीही म्हटलं तरी ती सोडून देते, पण आराम हा शब्द तिला शिवीसारखा लागतो. गायी नसल्या तर पहाटे उठून कोणाला ओरडायचं, हा तिच्यापुढचा खरा प्रश्न होता. आतोबा तर ऐकूनच घेत नाहीत. एकदा गेलेली गाय अध्यक्षांच्या गोठ्यातून परत आल्याचंही कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून घरात युद्ध सुरू झालं. आत्यानं आधी वाऱ्यावर संशय घेतला आणि कुंपणाला जुन्या चादरी बांधल्या. वाऱ्यानं एक चादर थेट कालव्यात नेऊन टाकली. मग पाखरांवर संशय. कुरणाच्या मध्यावर बुजगावणं उभं राहिलं, त्याला आतोबांचा लग्नातला कोट. पाखरं त्याच्या खांद्यावर बसून चादरींकडे बघत. मग गायींच्या शेपट्या धुण्याचं काम माझ्याकडे आलं. सरकारनं मला एकच लाथ मारली, पण ती मी बरेच दिवस वापरली.

अध्यक्षांनी दरम्यान शहरातून गवताचे एक तज्ज्ञ बोलावले. त्यांनी दूधकेंद्राच्या वरच्या खोलीत पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की तण वाऱ्यानं पसरतं, पाण्यानं पसरतं, पाखरांनी पसरतं, शेणातून पसरतं, विकतच्या पेंढ्यांतून पसरतं, आणि जिथे गवत तुडवलं जाऊन जमीन उघडी पडते तिथे ते पहिल्यांदा घर करतं. या सगळ्यात माणूस कुठे नव्हता, कारण सांगणारे आणि ऐकणारे सगळे माणसंच होते. व्याख्यानानंतर तज्ज्ञांना सगळ्यांनी कालव्याच्या बांधावरून हवा खायला नेलं.

महिने गेले, चिकटा पुन्हा वर आला. एका रविवारी मी पेपर वाचत होतो तेव्हा गच्चीवरून हाक आली.

"अरे, वर ये. आणि चष्मा घालून ये!"

आत्या वाळत घातलेल्या, म्हणजे वाऱ्याच्या तावडीतून वाचलेल्या, चादरींच्या मधून खाली कुरणाकडे बघत होती.

"काय दिसतं?"

"चिकटा."

"ते सभासदलाही दिसतं. आकार सांग, आकार."

मी बघितलं. गच्चीवरून पूर्वीही बघितलं होतं, पण आकार विचारल्यावर तो दिसला. निळी फुलं कुरणभर विखुरलेली नव्हतीच. ती एका ठिकाणी वळण घेऊन उभी होती.

"नाल. घोड्याचा नाल."

"आणि उघडी बाजू?"

"फाटकाकडे."

"फाटकाकडे कोण बसतं?"

"कोणी नाही. म्हणजे... अध्यक्षांची खुर्ची असते."

"हं. आता हा दाट पुंजका बघ. गादी घातल्यासारखा."

मला हसू फुटलं. "जनावरांचे डॉक्टर!"

"शेजारचा विरळ?"

"पोस्टमास्तर. ते गुळगुळीत सुती विजार घालतात."

"आणि ही दोन झुडपं एकमेकांत घुसलेली?"

"मधवाला आणि त्याची बायको."

"बरोबर. आणि हे एक सुटं, सगळ्यांपासून लांब, वाकडं?"

मी चष्मा पुसायला काढला. आत्यानं वाट बघितली नाही.

"तो तू. तुला कधी चारचौघांत मिसळता आलंच नाही."

ती कठड्याला टेकली आणि तिच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की मला वाटलं ती आता फळा मागेल. "वारा नाही, पाखरं नाहीत, बिचाऱ्या गायी तर नाहीतच. चिकटा चहाला येतो! बांधावरून पायांना लटकून येतो, माझ्याकडे बसतो, माझी बिस्किटं खातो आणि जाताना पोरं मागे ठेवतो. शिवाय इतकी माणसं बूड घासून गवत चेपतात, म्हणजे जमीनही तयार!"

"मग मंडळाला सांगून टाकू."

"काय सांगशील? तुमच्या पायांनी तण येतं म्हणून? अध्यक्ष उपसमिती नेमतील. उपसमिती पाहणीला येईल. बांधावरून येईल. आणि पाहणी झाली की चहा पिईल."

"मग चहा बंद कर."

"म्हणजे मग आत्याबाई चिकटही निघाल्या, असं व्हायचं. छे. चहा बंद नाही करायचा." ती चादर झटकत म्हणाली, "चहाला बढती द्यायची."

बैठक दूधकेंद्राच्या वरच्याच खोलीत भरली. तिथल्या बाकांना दुधाच्या पावडरीचा वास येतो आणि भिंतीवरचं घड्याळ आतोबांनी बसवलेलं असल्यामुळे ते बरोबर असतं, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. आत्या उठली. इस्त्रीची साडी, कॉलेजातला आवाज.

"एक गोष्ट मला बरीच वर्षं खटकते आहे," ती म्हणाली. "सगळ्या मंडळाला आपण चहा पाजतो कुठे? सर्वांत वाईट कुरणात. माझ्या. त्या चिकट्यात. हा मंडळाचा अपमान आहे. चहा हा मान आहे, आणि मान अध्यक्षांच्या घरचा. ढाल जिथे, चहा तिथे."

खोलीत कुजबुज झाली. अध्यक्षांनी विरोध करायचा म्हणून हात वर केला आणि केसांवरून फिरवून खाली घेतला.

"आत्याबाई, तुमचा मोठेपणा आहे. पण फेरी तुमच्याकडे संपते. पुन्हा माझ्याकडे यायचं म्हणजे..."

"बांधावरून आलं की लगेच!" आत्या म्हणाली. "पाय मोकळे होतील."

अध्यक्षीणबाईंना हे एकदम पसंत पडलं. "आमच्या व्हरांड्यात नव्या खुर्च्या आहेत. वेताच्या. अजून कोणी बसलेलं नाही."

मी आत्याकडे बघितलं. व्हरांडा फरशीचा होता. बोंडं फरशीवर पडली असती, मोलकरणीनं झाडून काढली असती, आणि तर्कशास्त्र सगळं केरात गेलं असतं. आत्यानं मात्र पापणी हलवली नाही.

"खुर्च्या?" ती हळूच म्हणाली. "वहिनी, ढाल खुर्च्यांना मिळाली का गवताला? इतकं गवत आम्हा गरिबांना कुठे बसायला मिळायचं? पण तुम्हाला ते मळेल असं वाटत असेल तर..."

"मळेल कसलं!" अध्यक्ष उसळले. "माझं गवत हत्ती बसला तरी उठून उभं राहील. गवतावरच बसायचं. सगळ्यांनी!"

"मग तसाच ठराव होऊ दे," आत्या म्हणाली. "चहा अध्यक्षांकडे, गवतावर बसून. आणि कायमस्वरूपी, बरं का. नाहीतर उद्या कोणीतरी कंजूष अध्यक्ष येईल आणि पुन्हा माझ्या माथी मारेल."

ठराव एकमतानं झाला. 'कायमस्वरूपी' हा शब्द अध्यक्षांना इतका आवडला की त्यांनी तो दोनदा वाचून दाखवायला लावला. जिन्यावरून उतरताना आतोबा काहीतरी बोलायला तोंड उघडणार होते, पण आत्या त्यांच्या पुढे दोन पायऱ्या होती आणि गुणगुणत होती.

पुढच्या फेरीआधी आम्ही तिघांनी गुडघ्यांवर रांगत आत्याचा नाल मुळांसकट उपटला, एकेक सभासद करत. "डॉक्टर संपले," "पोस्टमास्तर घेतले," असं आत्या दर वेळी मोठ्यानं जाहीर करी. मला उपटायचं काम तिनं स्वतःकडे ठेवलं होतं. सगळं वेचून आतोबांनी गोठ्यामागे जाळून टाकलं.

फेरीत आत्याकडे काही सापडलं नाही. "हात फिरवलाय," अध्यक्ष संशयानं म्हणाले. "बी जमिनीत असतं, आत्याबाई. खरा निकाल पुढच्या फेरीला."

"अगदी बरोबर बोललात," आत्या म्हणाली.

मग मंडळी कालव्याच्या बांधावरून उलट निघाली. जाताना एकदा आणि येताना एकदा, असा चिकटा त्या दिवशी दुहेरी लागला. आत्या वाटेत सगळ्यांना आग्रहानं मधल्या पायवाटेऐवजी कडेनं चालवत होती. कडेनं सावली असते म्हणे. अध्यक्षांच्या गवतावर बसल्यावर माणसांनी आधी हुश्श केलं आणि मग वेचायला सुरुवात केली. डॉक्टरांनी तर मोजे काढून झटकलेच. "काय गवत आहे हो!" आत्या मधूनमधून म्हणे, आणि अध्यक्ष खुर्चीत बसल्या बसल्या प्रत्येक वेळी थोडे उंच होत. ती स्वतः कप घेऊन उभीच होती. गुडघे धरलेत, म्हणाली.

सहा महिने आम्ही वाट बघितली. आत्या रोज सकाळी आधी स्वतःचं कुरण बघे आणि संध्याकाळी मी परत आलो की विचारी, "त्यांच्याकडे?" रस्ता अध्यक्षांच्या कुंपणावरून जातो. बरेच दिवस मी नकारार्थी मान हलवायचो. एका सकाळी मी गाडी थांबवली, खाली उतरलो, कुंपणाशी उभा राहिलो, आणि कॅन तसेच ठेवून घरी परत आलो.

"आला?" आत्यानं विचारलं. ती मोठ्या सुनेचं दूध काढत होती.

"नाल. दुप्पट दाट. डॉक्टरांना तर पाऊल ठेवायला जागा नाही."

तिनं बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि गोठ्यात, चारी गायींसमोर, जिला आराम शिवीसारखा लागतो ती माझी आत्या एक गिरकी घेऊन थांबली. सरकारनं रवंथ थांबवलं.

फेरीच्या दिवशी पायरीवरचं भाषण झालं. गळा दाटला. मग अध्यक्षांच्या कुरणाचं फाटक उघडलं आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदाच तिथे कोणीतरी ओरडलं. मग दुसरं कोणी. मग सगळेच. पोस्टमास्तरांनी मुठी मोजायला घेतल्या आणि सोडून दिल्या. अध्यक्ष गमबुटांवर उभे राहून निळ्या फुलांकडे असे बघत होते, जणू ती फुलं घरची माणसं असून परक्यासारखी वागत आहेत.

"वारा असेल," ते म्हणाले.

"आमच्याकडून चादरी पाठवते," आत्या म्हणाली.

शेवटी मंडळी तिच्या कुरणात पोचली. रांग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली, परत आली, पुन्हा गेली. डॉक्टर नेहमीच्या जागेवर वाकून बघत राहिले आणि तिथे गवताशिवाय काही नाही म्हटल्यावर त्यांना उगीच चुकल्यासारखं वाटलं. मग कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळ्या थांबेनात. मधवाल्याच्या बायकोनं आत्याला मिठी मारली. नियम अध्यक्षांचाच होता, आणि तो कोणाच्याही कुरणाला लागू होता.

"वाईट वाटून घेऊ नका," आत्या त्यांना म्हणाली. "तुमच्या गायी वर्षभर माझ्याकडे चरतील. दूध तेवढं माझ्या कॅनमधून जाईल. तुम्ही आराम करा की!"

मी बऱ्याच लोकांना बऱ्याच ठिकाणी जिंकताना पाहिलं आहे, पण इतक्या गोड आवाजात कोणी जिंकलेलं पाहिलेलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी वरच्या खोलीत ठरलं की ज्याचं कुरण नांगरलं जातंय त्याच्याकडे ढाल आणि मंडळ ठेवणं बरं दिसत नाही. आत्याचं नाव पोस्टमास्तरांनी सुचवलं, डॉक्टरांनी उचलून धरलं, आणि माजी अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं ढाल दिली. आत्यानं भाषण केलं. माणसाचा खरा इतिहास गवतात लिहिला गेला आहे, असं तीही म्हणाली, आणि गळा तिचाही दाटला. घरी येताना ती गाडीत ढाल मांडीवर घेऊन बसली होती आणि रस्त्यात भेटेल त्याला काच खाली करून कारण नसताना नमस्कार करत होती. स्वयंपाकघरात, दुधाच्या गाळणीच्या खिळ्यावर, ढाल लागली. तिघांनी लांब उभं राहून बघितली. तिथे ती शोभत होती.

"माझ्या गायी," आत्या म्हणाली, "आता देवसुद्धा हलवू शकत नाही."

आतोबांनी घसा खाकरला. ते बोलणार म्हटल्यावर आम्ही दोघंही वळलो.

"चहा अध्यक्षांकडे ना?" त्यांनी विचारलं.

पुढच्या बैठकीत आत्यानं तो ठराव पुन्हा विचारात घ्यावा असं सुचवून पाहिलं. कारण काय, असं माजी अध्यक्षांनी विचारलं. कारण सांगायचं म्हणजे सगळंच सांगावं लागलं असतं, तेव्हा आत्या म्हणाली, माझे गुडघे. सभासद हळहळले आणि किटली फिरवायला मदत करू म्हणाले. खुर्च्या ठेवू का, असं तिनं विचारल्यावर सगळ्यांनी तिलाच आठवण करून दिली की ढाल खुर्च्यांना मिळालेली नाही.

फेरी झाली. मंडळी बांधावरून आमच्याकडे आली. आत्याला फाटकाजवळ खुर्ची दिली. जनावरांचे डॉक्टर त्यांच्या नेहमीच्या जागी बसले आणि त्यांनी मोजे काढायला घेतले.